बागेचं कुलूप

रविवार, १७ जानेवारी

प्रिय ताई,

आम्ही सगळे मजेत. तुम्हीही असणार, कारण तुमच्या खिडकीतला दिवा मला रोज दिसतो. समोरच्या इमारतीतल्या बहिणीला पत्र लिहितेय म्हणून हसशील. पण तोंडावर बोलायचं म्हटलं की माझं गाडं अडतं.

सध्या आपल्या आवडत्या लेखिकेची ती टेकडीवरच्या घराची कादंबरी पुन्हा वाचतेय. आठवतं, एका पांघरुणात शिरून वाचायचो आणि त्या घरातल्या खोल्या वाटून घ्यायचो? तुला गच्चीलगतची, मला बागेकडची. या वेळी मला जिन्याखाली झोपणारी, सगळ्यांचं पाणी वर नेणारी एक बाई भेटली. पहिल्या पानापासून आहे ती! लेखिकेनं लिहिली होती, आपणच वाचली नव्हती. तिची जागा कोण मागणार म्हणा.

आमच्या या मागच्या इमारतीचंही तसंच. जुना वाडा पाडून नवं बांधताना आम्हा जुन्या भाडेकरूंना घरं दिली, पण दार कचऱ्याच्या डब्यांकडून. तेही चाललं. शिलाई मशीनपुरता उजेड येतो. पण बागेला कुलूप लागलं, किल्ल्या फक्त तुमच्या इमारतीला मिळाल्या, तेव्हा माझं डोकं फिरलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेले बाबा वॉकर घेऊन पार्किंगमधल्या गाड्यांमधून चालायचे. लोक हॉर्न वाजवायचे.

तुझ्याकडे आले नाही. का, ते तुलाही ठाऊक आहे. लिफ्टपाशी तुझ्या मैत्रिणीनं माझ्याबद्दल विचारलं, तर तू म्हणालीस, "ओळखीच्या आहेत. कपडे छान शिवतात." छान शिवते, ते खरंच आहे गं. तरी लागलं.

म्हणून परवा सोसायटीच्या बैठकीत थेट उभी राहिले. अध्यक्षांच्या खुर्चीत भाऊजी. म्हटलं, "बाग सगळ्यांना उघडी करा." भाऊजी म्हणाले, "भावना समजतात, पण खर्च पुढची इमारत करते." कुणीतरी मागून टोमणा मारला, "आज बाग, उद्या आमची लिफ्ट मागतील!" सगळे हसले.

आणि तू उठलीस.

"गाड्यांमधून चालतात ते माझे वडील आहेत," तू म्हणालीस. "ही माझी सख्खी बहीण आहे. कुलूप काढणार नसाल, तर माझी किल्ली हिला द्या."

भाऊजींचा चेहरा बघवत नव्हता. घरी तुला काय ऐकावं लागलं, ते विचारत नाही. पण त्यानंतर एकेक हात वर होत गेला, तुमच्या इमारतीतलेही.

आज सकाळी कुलूप निघालं. बाबा बाकावर बसून माळ्याला सांगत होते, "माझ्या थोरलीनं उघडून दिली ही बाग." मी म्हटलं, "आणि धाकटीनं काय केलं?" तर म्हणतात, "तू पहिल्यापासूनच भांडखोर. नवल तिचं!"

बरोबर बोलले. बाबांची मान इतकी ताठ मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. माझीही तशीच आहे, ताई, आणि ती तुझ्यामुळे.

चारचौघांत जिला तू बहीण म्हणालीस,
ती तुझी धाकटी