नकाशावरची तारीख

डोंबिवली पूर्व,
१६ जून २०२५

ती. दादूस यास,
सगुणाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पाहून हसशील. बाळकुम ते डोंबिवली अंतर ते केवढं, आणि ही बाई टपाल खात्याला कामाला लावते! पण फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडायला लागतो. तू रशिया म्हणतोस, मी तिकडे कामाला गेलेला आपला जयेश म्हणते, आणि फोन ठेवल्यावर मला दिवसभर काही सुचत नाही. कागदावर निदान तू मला मध्येच तोडणार नाहीस.

मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीप्रमाणे चालतो. दक्षताचा मँचेस्टरहून फोन होता. तिच्या कंपनीने आणखी माणसं कमी केली, माझ्या लेकीची नोकरी सध्या तरी टिकून आहे. आता तू म्हणशील, बुडाला तुझा पश्चिम. म्हण बापडा. मार्चमध्ये एका दुपारी तू टेंभी नाक्यावरून जिलबी घेऊन आला होतास, रशियाने कुठलंसं गाव घेतलं म्हणून. तेव्हाही मी विचारलंच होतं, की कॉम्रेड, त्या गावाचं नाव तरी नीट घेता येतं का तुम्हाला? आणि मग तुझ्यापेक्षा दोन वेढे जास्त खाल्ले होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सोबत पेपरचं कात्रण आहे. बातमी संचिताने लिहिली आहे. आठवीत माझी विद्यार्थिनी होती. खोटं बोलायला गेली की तिचे कान लाल व्हायचे. पंजाबचा एक मुलगा रशियाच्या लढाईतून सुटून आला. आपल्याबरोबर कोण कोण हिंदुस्थानी मुलं होती त्यांची नावं त्याने सांगितली. त्यांत जयेश दामाजी नाखवा हे तुझ्या लेकाचं नाव आहे. एजंटने सांगितलेल्या गोदामात नाही दादूस, रशियाच्या लष्करात. फोटोही आहे, हेल्मेट घातलेला. ११ मार्चनंतर त्याचा कुणालाच फोन नाही. तुझ्या चॅनेलवाल्यांनी सांगितलं की तिकडे नेटवर्क बंद ठेवतात. तीन महिने?

कलावती वहिनी गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढची पाच वर्षं माझ्या घरी वाढला. बुटाची नाडी मी बांधायला शिकवली त्याला. म्हणून हट्ट करते, राग बाजूला ठेव आणि एकदा वाच.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी,
सगुणा

*

बाळकुम,
२५ जून २०२५

चि. सगुणा बाय हिस,
दामाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कात्रण याच पाकिटातून परत पाठवतोय. असला कागद मला घरात नको.

तुझी संचिता चांगली असेल. पण पेपर तिचा नाही, मालकाचा आहे. वीस-बावीस वर्षांमागं हेच मोठेमोठे इंग्रजी पेपर छातीठोक सांगत होते की इराकात भयंकर हत्यारं आहेत. देश बेचिराख झाला, हत्यारं सापडली नाहीत. कोणाची खुर्ची गेली? एका लढाईतल्या पोरांचे फोटो छापतात, गाझातल्या पोरांची नुसती संख्या छापतात. आणि तू मला सांगतेस वाच. रशियावर निर्बंध घातले तेव्हा म्हणाले सहा महिन्यांत गुडघे टेकेल. टेकले? उलट यांच्याकडेच लोकांच्या नोकऱ्या जातायत, तू स्वतःच लिहिलंस. बाकीचं जग आता यांना विचारून उठत-बसत नाही, याची पोटदुखी आहे ती.

फोटो कॉम्प्युटरवर केलाय. जयेशच्या डाव्या भुवईवर गळ लागल्याची खूण आहे, ती फोटोत कुठंय? हेल्मेट म्हणे.

बाबा दर शुक्रवारी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात खाडीची बोय पोचवायचे म्हणून मदरने तुला शाळेत घेतलं. तुझं इंग्रजी त्या माशांवर झालं. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेलो. माझी शाळा म्हणजे वागळे इस्टेटमधली रशियन लेथ. एकोणतीस वर्षं. मशीन लावायला आलेला त्यांचा इंजिनिअर माझ्या डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण खायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी परत मागायचा. ती माणसं दगा देणारी नव्हेत.

भिंतीवर लढाईचा नकाशा लावलाय, तू पाहिलास. गाव हातात आलं की लाल पेनाने टिंब आणि तारीख. लढाई पुढं पुढं सरकतेय, गोदामं मागं राहतात. पोरगा कुठं सुरक्षित आहे ते मला त्यावरून कळतं. त्याला कामाची सुट्टी झाली की करेल फोन.

गुडघ्याला एरंडेल लाव. आशीर्वाद आहेतच.

दामाजी

*

डोंबिवली पूर्व,
२ सप्टेंबर २०२५

ती. दादूस यास,
सगुणाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

गणपतीत आपण दोघं एका ताटावर बसलो आणि या विषयावर चकार शब्द काढला नाही. माझ्या शेजारची जागृती म्हणाली, बहीणभावाचं किती जमतं! मी मान हलवली.

दिल्लीहून उत्तर आलं. मेपासून मी पाठवत असलेल्या अर्जांचं हे पहिलं उत्तर, ज्याच्या खाली माणसाची सही आहे. विषय योग्य पातळीवर मांडला आहे, मित्रदेशाशी संपर्क चालू आहे, वगैरे. आणि शेवटी एक साधी ओळ: तिकडे ओळख न पटलेले काही मृतदेह आहेत, जुळवून पाहण्यासाठी आईचं किंवा वडिलांचं रक्त हवं. डीएनए तपासणी. मी फोन करून विचारलं, आत्याचं चालेल का, मी त्याला वाढवलाय. पलीकडची बाई चांगली होती. म्हणाली, तुम्ही असं विचारणाऱ्या पहिल्या नाहीत, पण वडील हयात असताना त्यांचंच हवं.

म्हणजे तूच. दुसरं कुणी उरलेलं नाही.

दादूस, इराकचं तू लिहिलंस ते खरं आहे. ते पेपर मीही वाचायचे, शुद्ध इंग्रजीत लिहिलंय म्हणजे खरंच असणार असं मला वाटायचं. मदर आम्हाला शिकवायची की छापील खोटं हे दुप्पट पाप. छापणाऱ्यांना कुणी शिकवलं नसावं. आता मलाही कुणाचं पटकन खरं वाटत नाही. पण तुझ्या चॅनेलवरच्या माणसाचं तुला कसं वाटतं? तोही कुणाचं तरी मीठ खात असेलच की.

आठवतं तुला, मी दहावीत असताना तू कारखान्यातून ती रशियन मासिकं आणायचास? गुळगुळीत जाड कागद, गव्हाची शेतं, लाल गालांच्या बाया. रविवारी बसून तू माझ्या सगळ्या वह्यांना त्याची कव्हरं घालून दिली होतीस, कोपरे इतके नीट दुमडलेले की बघत राहावं. सिस्टरने वर्गात उभं करून ती मला फाडायला लावली. देव न मानणाऱ्यांचा कागद म्हणाली. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मी फाडताना रडले होते हे तुला कधी सांगितलंच नाही. आज सांगते.

कुठल्याच कागदाचं ऐकू नकोस. फक्त सरकारी दवाखान्यात जाऊन ये. जुळलं नाही तर मी तुझ्या पायावर डोकं ठेवून माफी मागेन, आणि जिलबी माझ्याकडून.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सगुणा

*

बाळकुम,
११ सप्टेंबर २०२५

चि. सगुणास आशीर्वाद.

रक्त देणार नाही. रक्त दिलं म्हणजे मी बापाने लिहून दिलं की तो गेला. जिवंत पोराला असं मढ्यात बसवायचं नसतं.

आपली आणि त्यांची दोस्ती काल-परवाची नाही. दोस्ताच्या घरचं पोर कोणी खंदकात पुढं उभं करतं काय? पुन्हा या बाबतीत लिहू नकोस. लिहिलंस तर पत्र उघडणार नाही.

दामाजी

*

डोंबिवली पूर्व,
८ डिसेंबर २०२५

ती. दादूस यास,
नमस्कार.

हे पत्र न उघडता परत पाठवशील म्हणून पाकिटावरचा पत्ता जागृतीकडून लिहून घेतला. चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुणाला फसवलं.

दिल्लीत रशियाचे मोठे पाहुणे येऊन गेले. तू टीव्हीपुढून हलला नसशील. मीही पाहिलं. हात हातात, फुलं, मेजवानी. मग दोन्ही सरकारांचं निवेदन दोनदा वाचलं. पुष्कळ विषय होते त्यात, मला आपलं माणूस सापडलं नाही. दक्षताने तिकडच्या वर्तमानपत्रांतले लेख पाठवले. त्यांना एवढीच चिंता, की ही भेट पाहून पश्चिमेला किती वाईट वाटलं पाहिजे. तुझ्या चॅनेलवाल्याला त्याचाच आनंद. दादूस, या सगळ्या मोठ्या लोकांच्या बोलण्यात जयेश कुणाच्याच बाजूला नाही.

आता तुला एक सांगायचं आहे. नऊ महिने गिळून ठेवलं, कारण त्याने शपथ घातली होती. ११ मार्चला त्याने तुला फोन केला नाही, मला केला. चार मिनिटं. गोदाम वगैरे काही नव्हतं. पंधरा दिवस बंदूक शिकवली आणि पुढे नेलं. त्या दिवशी खंदक खणत होते. जमीन गोठलेली, फावडं टणटण वाजतं म्हणाला. मी म्हटलं बाबांना सांगते, ते काहीतरी करतील. तर म्हणाला, आत्या, त्यांना सांगू नको. सहीआधी मी कराराच्या कागदाचा फोटो त्यांनाच पाठवला होता, त्यांनी वाचून सही कर म्हटलं. त्यांना कळलं तर ते स्वतःला खातील. मी सुटून आलो की माझा मी सांगेन.

शेवटी विचारलं, खाडीत कोळंबी आली का. मी हो म्हटलं. आली नव्हती.

मी ऐकलंय दादूस. पेपरात वाचलेलं नाही, टीव्हीवर पाहिलेलं नाही. या कानाने ऐकलं. त्याने तुला सांभाळलं, मी त्याची शपथ सांभाळली, आणि तो तिकडे कुठे पडला असेल तर नाव नसलेला पडला आहे. आता तू काय करायचं ते तू ठरव. मी यापुढे म्हणणार नाही.

रागावलास तरी टाकू नकोस.

सगुणा

*

बाळकुम,
१५ डिसेंबर २०२५

सगुणा बाय,

काल रक्त दिलं. सुई टोचणारी पोरगी म्हणाली, काका, हात सैल सोडा. सोडता येईना.

तुला वाटत असेल मला तो कागद समजला नाही. लेथच्या पुस्तकातून मी त्यांची अक्षरं शिकलेलो, सगळं नाही पण शब्द लागतात. वर दोन तोंडांचा गरुड होता. खाली लष्कर हा शब्द होता. मी वाचला, बाय. नीट वाचला. पोरगा घाबरलेला, बोलला बाबा, एजंट तर गोदाम बोललेला. मी बोललो सरकारी शिक्का आहे, एजंटचा नाही, लष्कराची पण गोदामं असतात, बिनधास्त सही कर. मला अभिमान वाटलेला. त्या देशाच्या कागदावर आपल्या नाखवाची सही.

म्हणून कात्रण वाचलं नव्हतं. खोटं वाटलं म्हणून नाही.

दामाजी

*

बाळकुम,
१९ फेब्रुवारी २०२६

चि. सगुणा बाय हिस,
दामाजीचे आशीर्वाद.

दहा दिवस तू इथं होतीस तेव्हा बोलता आलं नाही. माणसांची ये-जा होती, आणि तू जयेशच्या पेटीवर हात ठेवून बसलेलीस तेव्हा मी काय बोलणार होतो. पेटी उघडू नका म्हणाले, उघडली नाही. भुवई बघायची राहिली. आता एका कागदावर विश्वास ठेवायचा की जुळलंय. ठेवला. आयुष्यभर नको नको म्हणत आलो आणि शेवटी पोरगा कागदावरच ओळखला.

सोबत मृत्यूचा रशियन दाखला होता. दिल्लीवाल्यांनी त्याचं इंग्रजी करून जोडलेलं, ते तू सगळ्यांना वाचून दाखवलंस. त्यात फक्त जिल्हा आणि तारीख होती. मूळ दाखला मी तू गेल्यावर काढला. चष्मा लावून एकेक अक्षर लावलं. जिल्ह्याच्या खाली गावाचं नाव आहे.

ते माझ्या नकाशावर आहे. टिंब आहे, बाजूला तारीख आहे, १९ मार्च, माझ्याच अक्षरात. दाखल्यावर पण तीच. पेन जोरात दाबलेलं म्हणून कागदाला भोक पडलंय.

नकाशा उतरवला. घडी घालता येईना म्हणून गुंडाळून माळ्यावर टाकला.

तुझं ते कात्रण पाठव. मी परत केलेलं, तू ठेवलं असशील. तू काही फेकत नाहीस. त्या कपड्यांतला त्याचा दुसरा फोटो आपल्याकडे नाही, आणि त्यात त्याचं पूर्ण नाव छापलंय, बापाच्या नावासकट. त्याला मी चांगल्या कागदाचं कव्हर घालून ठेवीन. कोपरे दुमडायला हात अजून चालतो.

आणखी एक, ते तुला सांगू की नको असं चार दिवस करतोय. पण तू शेवटी माझ्यापासून काही ठेवलं नाहीस, मी पण ठेवत नाही. टेंभी नाक्यावरून जिलबी घेऊन मी तुझ्याकडे आलेलो, ती याच गावासाठी. त्याच दुपारी. तू मला नाव घेऊन दाखव म्हणालीस, मला घेता आलं नाही, आणि आपण दोघं किती हसलो.

आता घेता येतं.

जमेल तेव्हा ये. नाही आलीस तरी मी समजेन.

तुझा,
दादूस