बिरोबाच्या डोंगरावरची डिश

दहिवडी, शुक्रवार

आदरणीय नाथाजी दाजी,

तुमच्या मेव्हण्याचा, निवृत्त सुभेदार (सिग्नल) जोतीरामचा कडक सॅल्यूट. इकडे सगळे ठणठणीत. तुमचा गुडघा काय म्हणतोय? हरणाक्काला सांगा, लसणाची चटणी झकास होती, डबा मात्र विसरा.

वस्तीवरचं नेट बंद आहे हे मला ठाऊक आहे. (फोनला रेंज टेकाडावर, आणि तुम्हाला टेकाड चढवत नाही, म्हणून हे पत्र माझ्या वायरमनच्या, पप्पूच्या हाती.) सोमवारी नेट नसलं तर कंपनी शिवांजलीला पुण्याला परत बोलावणार, हे आक्कानं टेकाडावर चढून मला रडत सांगितलं. दाजी, पोरगी एवढ्या हौसेनं घरी राहून काम करतेय, आणि मामाचा धंदाच नेटचा! ती जाणार नाही. विषय संपला.

दिवाळीत सगळ्या पावण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "जोतीराम, जमिनीतनं फायबर टाक गड्या." मी हसलो. अजूनही हसतो. फायबर म्हणजे चर खणा, केबल पुरा, आणि रस्तेवाल्यांचा जेसीबी कवा तोडतोय याची वाट बघत बसा. मायक्रोवेव्हचं तसं नाही. एक डिश इकडे, एक तिकडे, मध्ये नुसती हवा. हवेला कोण जेसीबी लावतो? फक्त दोन्ही डिश एकमेकींच्या नजरेत पाहिजेत. दहिवडीतून तुमची वस्ती दिसत नाही, म्हणून मधे बिरोबाच्या डोंगरावर डिशसाठी लोखंडी खांब रोवला. असा भक्कम की हत्ती बांधावा! तिथंच मी बोललो, "लिंक बंद पडली तर मिशी उतरवीन."

आता जत्रेत काय व्हावं? देवळाशेजारी एवढा उभा खांब बघून लोकांनी आधी त्याला भंडारा लावला, मग नवसाचे नारळ बांधले, आणि पालखीच्या दिवशी झाडून सगळ्या गावांच्या सासनकाठ्या त्यालाच टेकवल्या. (खांब भक्कम, ही माझीच चूक.) डिश बोटभर फिरली आणि तुमचं नेट फलटणच्या आभाळात गेलं. मी चढून नारळ सोडायला लागलो, तर खालून बिरदेव पुजारी ओरडला, "आवं सुभेदार, नवस हाय त्यो! हात लावू नगा!" डिश सरळ केली, उतरलो, तोवर नवा नारळ लटकलेला आणि डिश पुन्हा तिरकी. तरी सांगतो, मायक्रोवेव्हमध्ये तसूभर खोट नाही. भाविक तेवढे लय आहेत.

तुमचा,
जोतीराम

ता.क. त्यातला सगळ्यात मोठा नारळ आपल्या हरणाक्काचा निघाला. नवस काय, तर "शिवांजलीचं नेट चालू ऱ्हाऊ दे." आता तो सोडायची माझी तरी छाती नाही. तेव्हा हमरस्त्यावरचं फायबर तुमच्या डाळिंबाच्या बांधानं वस्तीवर आणू द्यावं. चर मी स्वतः खणतो, झाडाच्या मुळीला धक्का लागणार नाही. नाही म्हणू नका दाजी.

ता.क. २. उद्या सकाळी बांधावर फावडं घेतलेला, बिनमिशीचा कोणी दिसला तर कुत्रं सोडू नका.