किल्ली सध्या माझ्याकडे

१ फेब्रुवारी
आजपासून गाडी माझ्या ताब्यात.

बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन परवा झाले. २८ तारखेच्या तपासणीपर्यंत गाडी चालवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. जेवताना बाबांनी जाहीर केले की घरात नीट चालवणारे कोणी नसेल तर गाडी नुसती उभी करून गंजवण्यात अर्थ नाही. महिनाअखेरीस ठरवू, ठेवायची की विकायची. मग किल्ली माझ्याकडे सरकवली. सरकवली, पण वरचा हात लगेच उचलला नाही. ऑपरेशननंतरचा अशक्तपणा असणार.

दुसरा उमेदवार नाही. दादा वर्षभरासाठी परगावी कामावर. वहिनी घरात येऊन चारच महिने झालेत, आणि ती स्कूटरवाली. आईला गाडीत फक्त बसता येते. माझ्याकडे लायसन्स आहे, पदवी आहे, आणि मी पंपांच्या टेस्टिंगला असते. गाडी हे यंत्र आहे. यंत्रे माझे ऐकतात.

आईने पार्किंगमधल्या खांबाचा विषय काढला. तो खांब बिल्डिंगच्या मंजूर नकाशात नाही. मी नकाशा पाहिला आहे. वहिनी पाण्याच्या ग्लासात तोंड घालून हसली. नोंद घेतली.

३ फेब्रुवारी
गाडीचे मॅन्युअल संपूर्ण वाचले. बाबांनी त्याचे प्लास्टिकसुद्धा फाडलेले नव्हते. इतकी वर्षे ते केवळ सवयीवर चालवत होते, हे आता लक्षात आले.

धोरण ठरवले: सुरक्षितता आणि काटकसर. वजन जास्त, तर इंधन जास्त. डिकी रिकामी केली. निघालेला माल: जुनी चादर, दोन छत्र्या, दोरखंड, पाण्याचा कॅन, एक पाट (कोणाचा, कशासाठी, कोणालाच सांगता येईना), जॅक, पाना आणि स्टेपनी. स्टेपनी सर्वांत जड. बाबांनी ती आजवर किती वेळा वापरली, असे विचारले. एकदाही नाही, म्हणाले. म्हणजे इतकी वर्षे आपण एका चाकाला फुकट फिरवून आणत होतो.

स्टेपनी गॅलरीत ठेवली. संध्याकाळपर्यंत आईने तिच्यावर कुंडी ठेवली. छान दिसते.

५ फेब्रुवारी
आईला बँकेत सोडले. एसी बंद, कारण इंधन. काचाही बंद, कारण उघड्या काचेतून शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो. आईला हे तत्त्व समजावून सांगितले. आई उतरली तेव्हा वाफवल्यासारखी दिसत होती. परत येताना थांबू नकोस, मी चालत येईन, म्हणाली.

चालणे हा इंधन वाचवण्याचा उत्तमच मार्ग आहे. आईला विषय कळू लागला.

९ फेब्रुवारी
दोन मोठे निर्णय.

पहिला: यापुढे फक्त डावी वळणे. उजवीकडे वळायचे तर समोरून येणाऱ्यांसाठी थांबावे लागते, आणि थांबलेली गाडी नुसतीच पिते. ऑफिस तसे घरापासून उजवीकडे आहे. पण डावीकडून मोठा फेरा घेतला की बरोबर तिथेच पोहोचता येते. (या मार्गात रिव्हर्स घ्यावा लागत नाही. मला रिव्हर्स येतो. लागत नाही, इतकेच.)

दुसरा: पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर. मी अंतर ठेवले की त्यात एक रिक्षा शिरते. रिक्षापासून अंतर ठेवले की त्यात एक टेम्पो शिरतो. टेम्पोपासून ठेवले की शाळेची बस. नियमाप्रमाणे पाहिले तर आज सकाळी मी वाहतुकीच्या संदर्भात मागे मागे जात होते. पण सुरक्षित.

ऑफिसला उशीर. साहेबांनी कारण विचारले. सांगितले. साहेब बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. प्रभावित झाले असावेत.

१३ फेब्रुवारी
बाबा प्रथमच शेजारी बसले. डोळ्यावर काळा चष्मा, मांडीवर घडी घातलेला रुमाल. वाटेत फारसे बोलले नाहीत. अधूनमधून एकेकच शब्द. ब्रेक. गिअर. म्हैस.

म्हैस मला दिसली होती.

त्यांच्या पायापुढे ब्रेक नसूनही त्यांचा उजवा पाय सारखा दाबत होता. घरी आल्यावर आईने विचारले, कशी काय चालवते पोर? बाबांनी पोटरीला मलम लावून घेतले आणि म्हणाले, वाचन चांगले आहे तिचे.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज कुटुंबाची आपत्कालीन रंगीत तालीम घेतली. गाडी रस्त्यात बंद पडली तर प्रत्येकाने काय करायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. ऑफिसात आम्ही आगीची तालीम दर तिमाहीला घेतो, आणि आग अजून एकदाही लागलेली नाही. यावरून तालमीचा उपयोग सिद्ध होतो.

स्थळ: तळ्याकाठचा रस्ता. मी गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले, बॉनेट उघडले, मागे अंतर मोजून लाल त्रिकोण ठेवला. आईचे काम रस्त्यापासून दूर सुरक्षित जागी बसणे. वहिनीचे काम घड्याळ पाहणे. बाबा घरी विश्रांतीला.

इथपर्यंत निर्दोष. त्यानंतर लोकांनी घोटाळा केला. एका ट्रकवाल्याने ट्रक थांबवला आणि मी बोलेपर्यंत गाडीला दोर बांधायलाही घेतला. फिरायला आलेल्या एका बाईंनी आईला वारा घालायला सुरुवात केली. आईला तालीम असल्याचे सांगायचे होते. त्याऐवजी तिने गुडघ्यांचे सांगितले, मग पाठीचे, आणि बाईंच्या आग्रहाने आडवी झाली. वहिनी घड्याळ सोडून दगडावर बसली आणि हसून हसून तिला ठसका लागला. तो ठसका पाहून आणखी चौघे थांबले.

एवढ्यात समोरच्या ब्लॉकमधले काका तिथून गेले. त्यांना आम्ही सीसीटीव्ही म्हणतो. त्यांनी रस्त्याकडेला आडवी झालेली आई पाहिली, आणि जवळ न येताच बाबांना फोन केला.

बाबा रिक्षाने आले. घरातल्या चपलांवर. काळा चष्मा विसरून, एक डोळा हाताने झाकून. आधी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग वहिनीकडे. श्वास लागला होता. मी त्यांना सांगितले की ही फक्त तालीम होती आणि त्रिकोण ठेवेपर्यंतचा भाग उत्तम झाला.

त्यांनी स्वतः बॉनेट खाली केले. मग हळू आवाजात म्हणाले, "यापुढे गाडी बंद पडल्याशिवाय बंद पाडायची नाही."

निष्कर्ष: जनता तयार नाही.

१६ फेब्रुवारी
आई अबोल. फोनवर मात्र मावशीला कालचे सगळे सांगत होती, आणि त्यात ट्रकवाल्याचे कौतुक जास्त होते. वहिनीने मला विचारले की वन्सं, भूकंपाची तालीम कधी आहे, म्हणजे मी केस धुणार नाही. मस्करी करायची असली की ती मला वन्सं म्हणते. 

१९ फेब्रुवारी
डावे पुढचे चाक पंक्चर. डाव्या वळणांवर फुटपाथ फार पुढे आलेले आहेत. नगररचनेचा दोष.

माझे वागणे आदर्श होते. इंडिकेटर, त्रिकोण, सुरक्षित जागा. त्यानंतर मॅन्युअलमध्ये लिहिले आहे की स्टेपनी बाहेर काढा.

घरी फोन केला. स्टेपनीवरची कुंडी हलवायची का, असे आईने विचारले. हो, हलव, म्हटले.

वहिनी जॅक आणि पाना घेऊन रिक्षातून आली. सीटवर स्टेपनी बसलेली आणि वहिनी तिच्या कडेला कशीबशी टेकलेली. चाकावर कुंडीचा गोल ओला डाग. मी मॅन्युअल उघडून पायऱ्या वाचून दाखवायला घेतल्या. तिसऱ्या पायरीला पोहोचले तोवर गाडी जॅकवर चढली होती. नट आडवे-तिरपे, समोरासमोर कसायचे असतात, हे मी निक्षून सांगितले. ती तसेच कसत होती, पण न समजता, गाणे म्हणत.

ती माहेरी दोन वर्षे बेकरीचा टेम्पो चालवायची, असे आज कळले. आधी का नाही सांगितले, विचारले. तुमची एवढी तयारी चाललेली, मध्ये कशाला तोंड घाला, म्हणाली.

टेम्पो वेगळा आणि कार वेगळी. पावांना काही वाटत नाही.

मी नट सांभाळण्याचे काम केले. एक नट हरवला असे तिचे म्हणणे होते. हरवला नव्हता. माझ्या खिशात होता, म्हणजे सांभाळलेलाच होता.

२२ फेब्रुवारी
आईला दाताच्या डॉक्टरकडे जायचे होते. मी किल्ली घेऊन तयार होऊन आले तर आई वहिनीच्या स्कूटरवर मागे बसून गेलेली. गुडघ्यांसह. बाबा पेपर चेहऱ्यापुढे धरून होते. डोळ्यांना वाचायची अजून परवानगी नाही.

सहा दिवस उरलेत. एका उत्कृष्ट फेरीने मत बदलू शकते. २८ ला बाबांना तपासणीला मीच नेणार. तसे सर्वांना सांगून ठेवले.

२६ फेब्रुवारी
पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. बाबांनी विचारले, भरायचे का? मी नाही म्हटले. दिवा भित्र्या लोकांसाठी असतो. मॅन्युअलमधला मायलेजचा आकडा आणि टाकीतले उरलेले पेट्रोल यांचा गुणाकार केला. दवाखान्यात जाऊन-येऊन पुरेल. शिवाय भरलेली टाकी जड असते.

वहिनी म्हणाली, इंजिनाचा आवाज ऐकून मी सांगते, भरून घ्या. आवाज हे एकक नाही.

२८ फेब्रुवारी, दुपार
गाडी उड्डाणपुलावर थांबली. चढावर.

मॅन्युअलचा आकडा मोकळ्या, सपाट रस्त्याचा निघाला. तळटीप होती. फारच बारीक टाइप. शिवाय दवाखाना उजवीकडे असल्याने आम्ही शहराला डावीकडून वळसा घातला होता.

इंडिकेटर लावले. त्रिकोण ठेवला. बाबांनी खिडकीतून विचारले, "आजची खरी का?"

हो म्हटले.

त्यांनी मान डोलावली आणि उतरून कठड्याच्या आत नीट जाऊन उभे राहिले, तालमीत आईने राहायला हवे होते तसे. ते रागावले असते तर बरे झाले असते. डॉक्टर वेळेचे पक्के आहेत आणि पुढची वेळ सहज देत नाहीत.  बाबा चांगल्या डोळ्याने घड्याळ पाहत होते, आणि मी पाहिले की पुलाकडे बघायचे. आज डोळ्यात काय निघणार याची त्यांना धास्ती होती. हे मला तिथे कळले. घरी ते कुठेही दिसले नव्हते.

फोन मी स्वतः केला. आपण होऊन. मुद्दाम नोंदवते.

वहिनी स्कूटरवर आली, पायाशी पेट्रोलचा कॅन. पेट्रोल ओतले, बाबांना बसवले, माझ्याकडे हात पुढे केला. किल्ली दिली. परिस्थितीनुसार निर्णय. ती चढावर, हँडब्रेक सोडून, एक इंचही मागे न घसरता निघाली आणि पुलाच्या पलीकडे उजवीकडे वळली. सरळ.

स्कूटर माझ्याकडे राहिली. मला स्कूटर चालवता येत नाही. ढकलत घरी आणली. इंधनखर्च शून्य. वाटेत सीसीटीव्ही काका भेटले. तालीम का, म्हणाले. मी हो म्हटले.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
ते वेळेत पोहोचले. डोळा बरा आहे. पण बाजूचे नीट दिसत नाही, आणि ते आता दिसणार नाही. गाडी कायमची बंद. बाबांनी हे चहा पिता पिता सांगितले, आज भाजी कोणती आणली ते सांगतात तसे. आईने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. कप भरलेलाच होता.

वहिनीने सांगितले की परत येताना बाबा गाडीत झोपले होते. हॉर्न वाजला तरी उठले नाहीत.

मी किल्ली मागितली नाही.

१ मार्च, रविवार
आज निर्णय. सगळे टेबलाशी. मी आधीच बोलायचे ठरवले होते: गाडी विका. माझ्यासाठी ठेवू नका. हे मी पूर्ण तटस्थपणे, कारणांसह मांडले. उभ्या गाडीचे टायर चपटे होतात, बॅटरी उतरते, उंदीर वायरी खातात.

बाबांनी ऐकून घेतले. मग किल्ली वहिनीपुढे ठेवली. हात लगेच उचलला.

मी म्हटले, ठीक, मग प्रश्न मिटला.

बाबा माझ्याकडे वळले. आता त्यांना पूर्ण मान वळवावी लागते. म्हणाले, "गाडी विकली तर तू शिकणार कशावर?"

आई हसली. वहिनी हसली नाही. तिने नुसते सांगितले, रोज सकाळी सहाला, वन्सं, आणि पुस्तक घरी ठेवून यायचे.

मी लेखी आक्षेप नोंदवत आहे. लायसन्सधारकाला शिकवणीची तरतूद कुठेही नाही. चालकांच्या क्षमतेची दर काही वर्षांनी उजळणी व्हावी, या व्यापक तत्त्वाला मात्र माझा पाठिंबा आहे, आणि केवळ म्हणून मी मान्यता दिली.

दुपारी वहिनी बाजारातून लाल रंगाचा L घेऊन आली. मागच्या काचेवर लावलासुद्धा. तिरका. मी तो काढला, काच पुसली, ऑफिसच्या बॅगेतली लेव्हल आणून बुडबुडा अगदी मध्यावर येईपर्यंत तपासला, आणि पुन्हा चिकटवला.

रस्त्यावर इतका सरळ L दुसऱ्या कोणाचाही नसेल.