शेवटच्या उड्डाणाआधीची झोप

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
घण, घण, घण. ताइनानच्या शाळेतली दुपारच्या झोपेची घंटा आज उगाच कानात वाजली. डबा संपला की घंटा, घंटा झाली की सगळ्या वर्गाची डोकी बाकांवर. मी मनात कविता म्हणायचो आणि शेवटच्या ओळीआधीच गाढ. गुरुजी म्हणायचे, या यान पोराला झोप पाळीव मांजरासारखी वश आहे. अजूनही आहे.
शुक्रवारी वैमानिक म्हणून माझं शेवटचं उड्डाण. तैपेई-टोकियो-तैपेई. मग पासष्टी, मग आकाश बंद. बायको आणि मेहुण्याचं अख्खं खटलं त्याच विमानात बसणार. परतल्यावर निरोप म्हणून विमानावर बंबांच्या पाण्याची कमान. तोवर विश्रांती.
संकल्प: दुपारी झोप. रात्री झोप. कॉफी बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
झोप नाही. दोष माझा नव्हे. शेजारी भरदुपारी कराओके. शी! तो गळा की गटार? कॉफी एकच कप, तीही उरलेली वाया जाऊ नये म्हणून.
लाय पेइ-शानचा फोन. महिनाभर हीच माझी सहवैमानिक. विचारते, सर, झोप होतेय ना? आगाऊपणा! रविवारी समुद्रावरून विमान आणताना एक ओळ आठवायला मी क्षणभर डोळे मिटले, तर म्हणे मी घोरत होतो. कविता म्हणत होतो, म्हटलं. "कोणत्या वृत्तात, सर?" म्हणाली.
वर सल्ला. "थकवा कळवा ना, सर. कंपनी दुसरा कॅप्टन देते, कोणी रागवत नाही." थकवा कळवायचा! आमच्या वेळी माणसं थकायची, पण कळवायची नाहीत. आता शिंक आली तरी कळवतात. किळस येते या पिढीची.

५ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळ.
बायकोने लाल खजुराचा काढा पाजला. चिखलात साखर. त्यावर पाय चोळून घेतले. डोळा लागणार तोच कचरागाडीची पियानोची धून. अख्खी गल्ली पिशव्या घेऊन खाली. बायको म्हणाली, नाहीतरी जागेच आहात, जा. हातात दोन पिशव्या. एकीतून माशाचं पाणी गळत होतं.
रस्त्यावर ढग फार सुंदर दिसत होते. तेच पाहत होतो. कोपऱ्यावरची म्हातारी खांदा हलवून म्हणते, "कॅप्टनसाहेब, गाडी गेली की हो! डोळे मिटून कसले ढग बघता?"
मिटलेल्या डोळ्यांनीच खरे ढग दिसतात. तिला काव्य काय कळणार! पिशव्या परत वर आणल्या. बायकोशी बोलणं बंद. तिनेच केलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
यश! झोप लागली. मेहुण्याने माझ्या मानासाठी जेवण ठेवलं होतं, तिथे सूप आणि मासा यांच्या मधे. मेहुणा ओरडला, "दाजी, चष्मा सूपमध्ये!" सगळे हसले. हसोत. झोप वश आहे हे सिद्ध झालं. रात्रीच्या झोपेची आता गरज उरली नाही.
घसा साफ करून एक जुनी कविता म्हटली. चौथी ओळ आठवेना. तिसरीही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार.
झोप नाही. ताजातवाना. गणवेश, टोपी, चार सोनेरी पट्टे. डोळे लाल आहेत. आमच्याकडे लाल रंग शुभच. बायकोने शर्टाची बटणं सोडून पुन्हा लावली, एक घर चुकलं होतं. लावता लावता हळू म्हणाली, "अहो, त्या विमानात मी पण असणार आहे. वहिनीची नातही." मी एक उत्तम ओळ म्हणणार होतो. सुचली नाही.
बेल वाजली. कंपनीची गाडी.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने.
गाडी नव्हे. दारात लाय पेइ-शान. साधे कपडे, डोळ्यांखाली काळं, दोन्ही हातांत धरलेला अननसाच्या केकचा खोका. मान खाली.
"सर, आज आपण दोघंही जात नाही. काल मी कंपनीला थकवा कळवला. तुमचा नाही, माझा."
या वयात कशाने गं थकलीस, म्हणून मी खेकसलो.
"त्यांनीही हेच विचारलं. खरं ते सांगितलं, सर. महिनाभर विमानात दोघांच्या वाटचं मी एकटीच जागतेय."
बायकोने खोका घेतला, पोरीला आत घेतलं, आणि माझ्या डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली.