रक्त लागलेली पट्टी

१४ जानेवारी

आले एकदाची सेंदाईला! बर्फ तुडवत कारखान्यात शिरले, तर हाताकेयामा मावशींनी आधी माझ्या केसांतल्या पिनाच काढून घेतल्या. लोखंड बाहेर ठेवायचं पोरी, जमलं तर जीभही, म्हणाल्या. मावशी लाटणयंत्रावर, ओनोदेरा उस्ताद भट्टीवर आणि मी, मित्सुए, त्यांची नवी धातुतज्ज्ञ. तिघांत मीच जास्त शिकलेली, हे मावशींनी दोनदा ऐकवलं.

काम मजेचं आहे. निकेल-लोखंडाची मिश्रधातू वितळवायची, तिची कागदासारखी पट्टी लाटायची, पट्टीचं कडं वळून भाजायचं. हे कडं म्हणजे चुंबकमापकाचा कान. त्याची स्वतःची खरखर जितकी कमी, तितकं बाहेरचं बारीकसारीक त्याला कळणार. आमचा मापक माझ्या आईच्या गावच्या ज्वालामुखीवर बसणार आहे. आईची खानावळ त्याच्या अगदी पायथ्याशी. सध्याची कडी इतकी खरखरतात, की डोंगर जागा झाला तरी त्यांना पत्ता लागायचा नाही.

२९ जानेवारी

पट्टीनं मावशींचा अंगठा कापला. त्यांनी पट्टी पुसली नाही, तशीच कपाटात ठेवली. इथला रिवाज असा, की रक्त काढलेली पट्टी पुन्हा वितळवायची नाही. आठ फेब्रुवारीला तुटक्या सुयांबरोबर मऊ तोफूत खोचून देवळात द्यायची, म्हणजे ती शांत निजते. सुयांचं श्राद्ध! मला हसू आवरेना. मावशींनी डोळे वटारले.

४ फेब्रुवारी

बर्फानं रस्ते बंद, आणि धातू थोडी कमी पडत होती. कपाटातली ती पट्टी मी भट्टीतल्या घाण्यात टाकली. कुणाला बोलले नाही.

९ फेब्रुवारी

असं शांत कडं कुणी पाहिलं नसेल! पडद्यावरची खरखरीची रेघ सरळ. उस्ताद माझ्यापुढे कमरेत वाकले, मला रडूच आलं. आई, तुझा डोंगर आता ऐकू येईल.

काल मावशी कपाटात पट्टी शोधत होत्या. मी मान खाली घातली.

१६ फेब्रुवारी

खरखर परत आली. उस्ताद त्याच घाण्यातल्या पट्टीची उरलेली गुंडाळी तपासायला वाकले आणि ती आपोआप सुटली. कुणी हात लावला नव्हता. त्यांची चार बोटं फरशीवर पडली. ते गुरासारखे ओरडत होते.

रेघ सरळ झाली होती. मी आधी रेघेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. माझी मलाच किळस येते.

१८ फेब्रुवारी

उस्ताद इस्पितळात. पुन्हा खरखर. मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी खाडकन थोबाडीत दिली.

“अगं बये, तिला निजवायची होती! तू जेवायला बसवलीस!”

उद्या त्या तोफू आणणार आहेत. गुंडाळी अख्खीच खोचू म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी

मावशी गेल्या. तोफूचं ताट हातात होतं. पट्टी उसळली, गळ्याभोवती फिरली, आवळली — मुंडकं यंत्राच्या पायापर्यंत घरंगळत — तोफू सगळा लाल —

रेघ सरळ आहे.

२० फेब्रुवारी

गुंडाळी उचलून भट्टीत टाकायला गेले. कोपरापर्यंत चिरलं तिनं. रक्त धो धो वाहिलं, पण पुन्हा खरखरणारी रेघ काही सरळ झाली नाही. माझं रक्त तिला चालत नाही. मी तिला ताट वाढणारी ना. वाढणारीला कोण खातं?

२१ फेब्रुवारी

गावाकडचा रस्ता मोकळा झाला. आई आलीय. उस्तादांचं कळलं म्हणून पहिल्या गाडीनं — सरकतं दार मी आतून धरलंय. जा म्हणून ओरडतेय. ती म्हणते, भात गरम आहे गं, उघड ना, अशी काय करतेस —

रेघ थरथरतेय. गुंडाळी सुटली. मला वळसा घालून दाराकडे —

आई, हात काढ — फटीत बोटं घालू नकोस, आई —