शेवाळी कोटावरील हक्क सोडण्याबाबत

मी, खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा चष्म्याची भिंगे घासण्याचा, हल्लीचा धंदा कुत्र्यामागे चालण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. खिडकीबाहेर धुके असले तरी डोके स्वच्छ आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्याचे पहिले पान कुत्र्याने खाल्ल्यामुळे ते तसेही रद्द झाल्यासारखेच होते.

१. मी राहतो ते तिसऱ्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे घर माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. न्हाणीघरात निळ्या खुणेच्या नळाला गरम पाणी येते आणि लाल खुणेच्या नळाला गार. प्लंबरला मी हे दाखवले तेव्हा तो म्हणाला, "आठवडाभरात सवय होईल." झाली, हे मला कबूल केले पाहिजे. मुलीने आता ते बदलून घेऊ नये, कारण तोच प्लंबर येईल.

२. बँकेतील ठेवही मुलीचीच. भिंगे घासायची चाके, साचे आणि माझे लाकडी बाक ज्या दुकानात मी एकतीस वर्षे काम केले त्या दुकानाला द्यावे.

३. माझी पांढरी गाडी मी माझ्या मेकॅनिकला देत आहे. यात उपकाराची भावना नाही. तिला काय झाले आहे हे जगात फक्त त्यालाच ठाऊक आहे, कारण बहुतेक सगळे त्यानेच केले आहे. डावीकडे वळताना हॉर्न वाजतो. मागची काच उतरते, ती चढत नाही. दर वेळी किल्ली हातात देताना तो सांगतो, "आता वर्षभर बघायला नको." पुढच्या कलमात जे लिहिले आहे ते तो असे म्हणाला त्याच दिवशी घडले, म्हणून गाडी विकू नये, त्यालाच द्यावी.

४. आता कोटाबद्दल. हे कलम लांबेल.

माझ्या पत्नीचा एक शेवाळी रंगाचा, घोट्यापर्यंत येणारा लोकरी कोट होता. त्याचे वरून दुसरे बटण हरवले तेव्हा मी भिंगाच्या तुकड्याचे बटण घासून दिले. उजेड पडला की त्यात समोरचा रस्ता उलटा दिसे. ही म्हणायची, "बाकीच्यांच्या नजरेला चष्मा, आणि मला बटण."

नऊ वर्षांपूर्वी, थंडी सुरू होण्याआधी, तिने तो कोट कोपऱ्यावरच्या लाँड्रीत टाकला. लाँड्रीवाल्याला ती होहो म्हणत असे, कारण काहीही सांगितले तरी तो मान वर न करता "हो हो" म्हणायचा. कोट टाकल्यानंतर आठव्या दिवशी सकाळी चहा गाळताना ती खाली बसली आणि गेली.

महिन्याने तिच्या पाकिटात मला लाँड्रीची पावती सापडली. मी गेलो. होहोने करड्या रंगाचा, रुंद खांद्यांचा, पुरुषी कोट काढून पुढे ठेवला.

"हा आमचा नाही," मी म्हणालो.

"नंबर जुळतोय, साहेब."

"माझ्या पत्नीचा कोट हिरवा होता."

"मग घरी नेऊन त्यांनाच दाखवा ना एकदा," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तो करडा कोट हातावर टाकून मी घरी आलो आणि दारामागे भिरकावला. आमचा मवाली, हे कुत्र्याचे नाव, हिनेच ठेवलेले, त्यावर जाऊन बसला. त्याने त्याचे अंथरूणच केले. मी उचलला नाही. होहोच्या नावाने तक्रारी मात्र लिहीत राहिलो, दोन वर्षे.

दोन वर्षांनी एका सकाळी मेकॅनिककडून गाडी घेऊन निघालो आणि ती टपाल कचेरीसमोरच्या चौकात बंद पडली. धुके इतके होते की समोरची माणसे कमरेपासून वरच दिसत होती, पाण्यातून चालल्यासारखी. त्यात तो कोट चालत आला. प्रथम कोटच दिसला, आत कोण आहे ते नाही. दुसऱ्या बटणावर दिव्याचा एक बारीक ठिपका होता.

मी स्टिअरिंग धरून बसलो. मला भीती वाटली नाही, आश्चर्यही नाही. एवढेच वाटले, की उशीर झाला हिला.

मागच्या सीटवरचा मवाली न चढणाऱ्या काचेतून उडी मारून गेला. चौकाच्या मधोमध गाडी तशीच टाकून मी त्याच्यामागे गेलो. पाठीमागे लोक हॉर्न वाजवत होते. ते आवाजही लोकरीतून आल्यासारखे वाटत होते. टपाल कचेरीच्या पायरीवर चाळिशीची एक बाई उभी होती, आणि मवाली तिच्या कोटाला अंग टेकून बसला होता. ड्रायक्लीन केलेल्या कोटात दोन वर्षांनी वास उरतो का, मला ठाऊक नाही.

"तुमचा आहे का हा?" तिने विचारले.

"माझ्या पत्नीचा," मी म्हणालो.

"गोड आहे. पण पट्टा घालत जा, रस्ता आहे हा."

"मी कोटाबद्दल बोलतोय."

तिचा चेहरा उतरला. ती टपाल कचेरीत पार्सले वजन करते. तिच्या वडिलांनी जन्मभर बस चालवली. ते गेल्यावर त्यांचा करडा कोट तिने लाँड्रीत टाकला आणि तिला हा मिळाला. चार वेळा परत गेली. "दर वेळी हो हो म्हणाले, बघतो म्हणाले. मग थंडी फार पडली," ती म्हणाली, "आणि मी घातला." तिथेच, त्या गारठ्यात, ती एकेक बटण काढू लागली.

"राहू द्या," मी म्हणालो. "घरी चला. तुमचा कोट माझ्याकडे आहे."

जिना चढताना मला आठवले की तिचा कोट कुठे आहे आणि कसा आहे. तोवर मवाली पुढे पळून दाराशी पोचला होता. दार उघडताच तो आत जाऊन आपल्या अंथरुणावर पसरला. एक बाही कुरतडलेली, अस्तर बाहेर, सगळीकडे केस. ती पाहत उभी राहिली, मग जमिनीवर बसली आणि कुत्र्याच्या पोटाखाली हात घालून कोटाचा खिसा चाचपत राहिली. खिशात काही नव्हते.

"बाबांना कुत्री आवडायची नाहीत," ती म्हणाली. खिशातून हात काढून म्हणाली, "असू दे. झोपलाय तो."

दोन वर्षे मी एका निष्काळजी माणसाला शिव्या घातल्या. हा करडा कोट कोणाचा तरी असेल, कोणीतरी त्याच्यासाठी खेटे घालत असेल, हे एकदाही माझ्या मनात आले नव्हते.

५. मवालीचा मुलगा, जो आता माझ्याजवळ असतो आणि फक्त डावा बूट खातो, तो टपाल कचेरीतल्या बाईंकडे जावा. त्यांची संमती मी घेतली आहे. करडा कोट त्यांचाच असल्याने तो मी देऊ शकत नाही. फक्त परत करतो, आहे त्या अवस्थेत, क्षमा मागून.

६. लाँड्रीवाल्याविरुद्धच्या माझ्या अकरा तक्रारींच्या प्रती कपाटात आहेत. त्या फाडून टाकाव्यात. मला त्यांच्याकडून काही येणे नाही.

७. बाळ, हे कलम तुझ्यासाठी. मी तुला फोनवर सगळे सांगितले तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, आईचा कोट परक्या बाईच्या अंगावर? तुम्ही मागून आणा, नाहीतर मी येऊन आणते." त्यानंतर सात वर्षांत तू आलीस ती त्या बाई नसतील असे पाहूनच. तुझा राग मला समजतो. कायद्याने त्या कोटात तुझाही वाटा आहे. माझा जो आहे तो मी या लेखाने सोडत आहे. तुझा तू सोडावास अशी विनंती आहे, सक्ती नाही. कारण सांगतो.

बाई दर रविवारी दुपारी येतात. कुत्र्याला फिरवून आणतात, माझी औषधे पाहतात, आणि आम्ही जुजबी बोलतो. आम्ही एकमेकांना अहोजाहो करतो. इतक्या वर्षांत त्यात बदल नाही. मागच्या महिन्यात मला ताप होता. खुर्चीत पडून होतो. डोळे उघडले तेव्हा दारात तो कोट उभा होता, पाठीमागे खिडकीचा उजेड, चेहरा दिसत नव्हता. मी म्हणालो, "आलीस?"

मी त्यांना कधी एकेरी हाक मारलेली नाही. मी कोणाला विचारतो आहे हे त्यांना त्या एका शब्दात कळले असणार. त्या माझी चूक दुरुस्त करू शकल्या असत्या, दिवा लावू शकल्या असत्या.

त्या म्हणाल्या, "आले. पडा तुम्ही."

आणि कोट न काढता, ताप उतरेपर्यंत, माझ्याशेजारी बसून राहिल्या.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. त्यातला प्रत्येक शब्द माझा आहे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ जानेवारी

(सही) भिंगे घासणारा

आमच्या दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. (सही) डॉक्टर
२. (सही) दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका