चार मिनिटं हलू नकोस

४ मार्च
पोचलो एकदाचे! खोली वरच्या मजल्यावर, खिडकी थेट सुळक्यांकडे. वाऱ्या-पावसानं कोरलेले हे दगडी सुळके मला पुस्तकासाठी चांदण्यात टिपायचेत. धाकटी बहीण मदतीला आलीय. मदत कसली, वाटेतच माझ्या वाटचा खाऊसुद्धा फस्त केला! घरमालकीणबाईंना मात्र तासाभरात खिशात टाकलं.

७ मार्च
पहिले फोटो पाहिले. चांदण्यात शटर चार मिनिटं उघडं ठेवावं लागतं. नवल म्हणजे झुडपं स्वच्छ आलीत, सुळके पुसट. कॅमेरा हलला असता तर सगळंच पुसट आलं असतं. धाकटी म्हणाली, दादा, उभं राहून कंटाळले असतील बिचारे.

९ मार्च
संपादकांना उंचीच्या अंदाजासाठी सुळक्याशेजारी माणूस हवाय. सुळक्यांवर नेमलेल्या रखवालदारानं ऐकताच हात जोडले. त्यांच्याजवळ कुणाला स्थिर उभं करू नका, म्हणाला. मी त्याला वेड्यात काढलं. धाकटी हौसेनं उभी राहिली. चार मिनिटं हलू नकोस, मी बजावलं.

१० मार्च
फोटोत तिची बट न् बट स्पष्ट आहे. जिवंत माणूस श्वास घेतो, डोलतो. इतका स्पष्ट येऊच शकत नाही. शेजारचा सुळका मात्र मधोमध पुसट. छाती वर-खाली व्हावी तसा.

१२ मार्च
जेवत नाही. खिडकीशी उभी. जिन्याची पायरी तिच्या वजनानं मोडली. हात गार, खरखरीत. एकदाच बोलली — दादा, हलू का आता? हल गं, हल, म्हणालो. हलली नाही. डॉक्टर नाडी शोधत राहिले, मग बॅग विसरून निघून गेले.

१३ मार्च
रखवालदाराचे पाय धरले. वीस वर्षांपूर्वी त्यानं बायकोला असंच उभं केलं होतं. म्हणून ही नोकरी सोडत नाही. उपाय विचारला, तर रडायलाच लागला.

१४ मार्च
अंथरुणावर नाही. दार चौकटीसकट अंगणात पडलंय —

संध्याकाळ
सुळक्यांत सापडली. गळ्यापर्यंत दगड. डोळे अजून तिचे. मला ओळखलं. मी हाका मारत राहिलो, आणि मग डोळेही —

तारीख माहीत नाही
तिला टेकून बसलोय. आता ती गार लागत नाही. की मीच —
पाय उचलत नाहीत. घरमालकीणबाई लांबून हाका मारतायत. मान वळत —
आईला कुणीतरी कळवा, की मीच तिला उ